शाळेत मोबाईल एकच असेल तर

शिक्षक प्रशिक्षणातल्या इंटर्नशिपला शाळेत जायच्या आधी दहा-बारा अॅप शिकायच्या भानगडीत पडू नकोस. कहूट हे प्रश्नमंजुषेचं अॅप मजेशीर आहे, पण त्याला मुलांकडेही मोबाईल किंवा टॅब लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते कुठून आणणार? तिथे प्लिकर्स हे कार्डांवर चालणारं प्रश्नोत्तराचं अॅप वापर. मोबाईल फक्त तुझ्याकडे, मुलांच्या हातात छापलेली कार्डं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. उत्तराची बाजू वर धरायची आणि तू कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून उत्तर ठोकणं अवघड जातं. (तरी एखादा बहाद्दर निघतोच!) कार्डं जाड कागदावर छाप; चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा गडबडतो.

विज्ञानाला फेट. कोलोरॅडो विद्यापीठाची ही सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून पाहायचे प्रयोग, मोफत आहेत, बरीच मराठीतही मिळतात. घरूनच डाउनलोड करून ने, म्हणजे नेटची कटकट नाही. विद्युत परिपथ शिकवताना मात्र सेल, बल्ब आणि वायर हाताशी असतील तर आधी तेच जोडायला दे, स्क्रीन नंतर.

आणि पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) तंत्रज्ञानाचा रकाना भरायचा म्हणून पीपीटी लावू नकोस. निरीक्षकांना ती आवडते, हे खरं. मुलं जांभया देतात.