शेअरमध्ये मोठा तोटा झाल्यावर उरलेले पैसे वीस कंपन्यांत विभागावेत का?

चार कंपन्यांच्या शेअरमध्ये तोटा सोसल्यावर उरलेली रक्कम वीस कंपन्यांत विभागली तर ती सुरक्षित राहील, की परतावाच कमी होईल, आणि तोट्यातले शेअर विकून टाकावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते वीस या आकड्याने काहीच ठरत नाही. हे मी ठामपणे म्हणते, कारण माझ्याकडे अकरा कंपन्यांचे शेअर होते आणि तरीही माझी निम्म्याहून अधिक बचत बुडाली.

मी बांधकाम साहित्य तयार करणाऱ्या एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरीला होते. ही कंपनी आपल्याला आतून माहीत आहे, या समजुतीने बचतीचा पाचवा हिस्सा मी तिच्याच शेअरमध्ये घातला. खरेदीचा भाव 100 धरला, तर तो 60 वर आल्यावर मी तेवढीच रक्कम पुन्हा घातली आणि 35 वर आल्यावर तिसऱ्यांदा घातली. खरेदीची सरासरी 54 पर्यंत खाली आली, याचेच मला समाधान वाटत होते. बचतीच्या पाचपैकी तीन हिस्से आता एकाच ठिकाणी अडकले आहेत, याकडे मी पाहिलेच नाही. भाव 8 झाला तेव्हा मी सगळे विकले. 85% तोटा भरून निघायला उरलेली रक्कम जवळजवळ सातपट व्हावी लागते. कंपनीवरील कर्जाचा आकडा आणि प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, कर्जासाठी तारण ठेवलेल्या शेअरची नोंद या धोक्याच्या दोन्ही खुणा वार्षिक अहवालात छापलेल्या होत्या, आणि तो अहवाल मी वाचला होता. उरलेल्या दहापैकी सात कंपन्या सिमेंट, पोलाद आणि गृहकर्जाच्या व्यवसायातल्या होत्या. घरांची मागणी थंडावली तशा त्याही एकत्रच घसरल्या, आणि त्याच वर्षी माझा पगार चार महिने थकला.

हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 1952 सालच्या निबंधात नेमके हेच गणिताने मांडले होते, आणि त्या कामासाठी त्यांना 1990 मध्ये नोबेल मिळाले. शेअर किती आहेत यापेक्षा ते एकमेकांबरोबर किती हलतात, यावर एकूण जोखीम ठरते. एन्रॉन ही अमेरिकी कंपनी डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याआधी तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तियोजनेतील निम्म्याहून अधिक रक्कम एन्रॉनच्याच शेअरमध्ये होती. नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी त्यांनी एकाच वेळी गमावली. त्यांच्याविषयी वाचताना मला फार वाईट वाटते, कारण कंपनी आतून माहीत असल्याचा तोच विश्वास माझ्याकडेही होता.

माझे थोरले बंधू आजही म्हणतात की माझी चूक कंपनी निवडण्यात झाली, पैसा एकवटण्यात झाली नाही, आणि ज्याला अभ्यास जमत नाही तोच पैसे विखरून ठेवतो. मला हे मुळीच मान्य नाही. हेंड्रिक बेसेम्बाइंडर या वित्तविषयाच्या प्राध्यापकांनी अमेरिकी बाजाराच्या 1926 ते 2016 या काळाचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांपेक्षा बाजाराने जी अधिक संपत्ती निर्माण केली, ती सगळी जेमतेम 4% कंपन्यांच्या वाट्याची होती आणि निम्म्याहून अधिक शेअरनी त्या रोख्यांइतकाही परतावा दिला नाही. ते 4% शोधून काढा, असे बंधू म्हणतील. मी म्हणते, ते आधी ओळखता येत नाहीत म्हणूनच सगळा बाजार थोडाथोडा घ्यावा, आणि निर्देशांक फंडातून, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडातून, ते अल्प खर्चात होते. आपल्या प्रश्नातला परतावा कमी होण्याचा भाग खरा आहे: सर्वांत चांगल्या शेअरइतका लाभ आपल्याला कधीच मिळणार नाही.

विविधीकरणाने, म्हणजे पैसे असे विभागल्याने, तोटा टळतोच असे मात्र नाही. 2008 मध्ये जवळजवळ सर्व देशांचे शेअर बाजार एकत्र कोसळले, आणि जपानच्या निक्केई निर्देशांकाला डिसेंबर 1989 ची पातळी पुन्हा गाठायला फेब्रुवारी 2024 उजाडावे लागले. म्हणून एकाच देशावर विसंबू नये आणि येत्या चार-पाच वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये ठेवूच नये.

तोट्यातले शेअर विकण्याविषयी, त्या कंपन्या कोणत्या हे आपण लिहिलेले नसल्याने, इतकेच सांगते: हातात रोख रक्कम असती तर आजच्या भावाला तोच शेअर घेतला असता का, हे स्वतःला विचारावे, आणि नकार आल्यास खरेदीचा भाव विसरून विकावा. बंधूंच्या मते मी 8 वर विकण्याची घाई केली. ती कंपनी पुढे अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्यासाठी बंद केली गेली, आणि भागधारकांच्या हाती काहीही आले नाही, हे त्यांना माहीत आहे.