सुरुवात एकाच साइटपासून करा

कॉम्प्युटरवर प्रयोग करत विज्ञान शिकायचं असेल, तर दहा साइट एकदम उघडू नका, नवशिक्यांची गाडी तिथेच अडते. आधी फक्त ‘फेट’ (PhET) घ्या, म्हणजे स्क्रीनवर विज्ञानाचे प्रयोग करून बघायची साइट. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेली ही साइट मोफत आहे, आणि बरेच प्रयोग मराठीतही आहेत.

पहिला प्रयोग लंबकाचा करा. गोळा जड केला तर झोका मंदावेल का? उत्तर आधी वहीत लिहा, मगच गोळा सोडा. मी ही पायरी गाळायचो, म्हणून महिनाभर नुसतं बघत बसलो.

- एका वेळी एकच गोष्ट बदला.
- दोरी पाव मीटरवरून एक मीटर करा आणि एका पूर्ण झोक्याचा (जाऊन परत येण्याचा) वेळ मोजा: साधारण एका सेकंदाचे दोन होतात.

अंदाज चुकला तर उत्तमच, तिथेच रेंगाळा. कोडिंगचं स्क्रॅच, आकाशदर्शनाचं स्टेलॅरियम नंतर बघू.