शाळेतली चिठ्ठी आणि पोराची दाढ: तुमचे प्रश्न

मुलगा आठवीत, महापालिकेच्या शाळेत आहे. डॉक्टरांची टीम येऊन गेली, चिठ्ठीवर 'दात किडलाय, दाखवा' लिहिलंय. दुखत तर काहीच नाही. जायचं का, खर्च किती? – एक आई, विडी घरकुल

जायचंच ताई, आणि दुखत नाही म्हणूनच आत्ता जायचं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्यात सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या पोरांची 18 वर्षांपर्यंत दरवर्षी तपासणी असते, आणि त्यांच्या 30 आजारांच्या यादीत दातांची कीड पण आहे, म्हणजे नुसतं बघून सोडायचं नाही तर पुढचा उपचारही फुकटच द्यायचा असतो. चिठ्ठी घेऊन सोलापूरच्या सिव्हिलला (मोठ्या सरकारी दवाखान्यात) जा, केसपेपरच्या खिडकीवरच दाखवा, आत जाऊन दाखवली की परत रांग. कीड वरवर आहे तोवर दात भरून भागतं, एकदा दाताच्या आतल्या नसेला लागली की रूट कॅनल, वर कॅप. माझ्याकडं पोरं येतात ती गाल सुजल्यावरच, आणि चिठ्ठी विचारली तर दप्तरात चुरगळलेली.

पाच लाखाचं आयुष्मान कार्ड आहे. त्यात पोरीचे दात क्लीन करून मिळतील का? मी यंत्रमागावर कामाला आहे. – साखर पेठ

नाही मिळणार. ते कार्ड ॲडमिट व्हायच्या उपचारांसाठी, क्लीनिंग आणि दात भरणं ही ओपीडीची, म्हणजे ॲडमिट न होता करायची कामं. पण पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापतात का ते आधी बघा. कापत असतील तर पोरीचं नाव ईएसआयच्या कार्डावर चढवा, घरच्यांनाही त्यात उपचार मिळतात. पैसे कापले जातात आणि कुणी वापरतच नाही, असं लई बघितलंय.

मुलगी 13 वर्षांची, प्रायव्हेट शाळेत. डॉक्टर दाढांना 'सीलंट' लावा म्हणतात. पैसे काढायचं काम तर नाही ना? – जुळे सोलापूर

नाही हो. बारा-तेराव्या वर्षी दुसरी पक्की दाढ येते, तिच्या खाचा इतक्या बारीक असतात की ब्रशचे केस आत जातच नाहीत, सीलंट म्हणजे त्या खाचा वरनं बंद करायच्या, इंजेक्शन नाही, ड्रिलिंग नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. शेंगाचटणीला उगाच दोष देऊ नका, दाढ खातं ते येताजाता तोंडात टाकलेलं बिस्किट आणि गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेली मिठाई. आणि तपासणीच्या फीची पावती ठेवा, जुन्या कर पद्धतीत असाल तर इन्कम टॅक्सच्या 80डी वजावटीत घरच्यांच्या हेल्थ चेकअपचे 5000 पर्यंत दाखवता येतात, रोख दिले असले तरी.

आम्ही पंढरपूरचे. सोलापूरलाच यायला लागतं का?

आधी तिथलं उपजिल्हा रुग्णालय बघा. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत. आमचं सिव्हिल पडलं मेडिकल कॉलेजचं, त्याला तो निर्णय लागू नाही.

क्लीनिंगनं दात हलतात म्हणे?

क्लीनिंगनं नाही हलत. ज्यांचे हलतात ते आधीच हलत असतात, दातांवर साचून कडक झालेल्या थरानं, म्हणजे दगडानं, धरून ठेवलेले. दगड निघाला की कळतं.