घर विजयदुर्गासमोरच्या समुद्रात

प्रश्न : नमस्कार काका. मी रत्नागिरीची, शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आमचं जुनं घर गेल्या वर्षी विकलं. विकण्याआधी माझ्या कॅमेऱ्याने घराचे तीनशेच्या आसपास फोटो काढून ठेवले. पडवी, माजघर, विहीर, मागचं आगर, सगळं. कॅमेऱ्यात जीपीएस नाही, म्हणून डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थान हाताने घातलं. घरातल्या जुन्या ॲटलासमध्ये रत्नागिरी १६ अंश ५९ मिनिटं उत्तर, ७३ अंश १८ मिनिटं पूर्व अशी दिली आहे, तेच १६.५९ आणि ७३.१८ असं लिहिलं. नकाशा उघडला तर घर समुद्रात, विजयदुर्गासमोर! मग भाच्याने ‘मूळ फाइलला हात नको’ म्हणून सेटिंगमध्ये काहीतरी बदललं, आणि त्यानंतर मी एकेक फोटो नकाशावर ओढून जागेवर आणला. पंधरा दिवस गेले त्यात. आता नवा कॉम्प्युटर घेतला, फोटोंचं फोल्डर त्यावर आणलं, तर सगळे परत समुद्रात. सॉफ्टवेअर बिघडलं आहे का?

उत्तर : बाई, सॉफ्टवेअर ठीक आहे. आणि आधी महत्त्वाचं सांगतो : जुना कॉम्प्युटर भंगारात दिला नसेल तर देऊ नका, फॉरमॅट करू नका. तुमचे पंधरा दिवस अजून त्यात आहेत. ते कसे बाहेर काढायचे त्याकडे येतोच.

तुमच्या पत्रात दोन घोळ एकमेकांत गुंतले आहेत. पहिला आकड्यांचा. अंशाचे भाग साठ, शंभर नव्हेत. १६ अंश ५९ मिनिटं म्हणजे सतराला फक्त एक मिनिट कमी. तुम्ही १६.५९ लिहिलंत आणि सॉफ्टवेअरने ते साडेसोळाच्या जरा पुढे असं वाचलं. ५९ ला ६० ने भागा, ०.९८३ येतात. १८ ला ६० ने भागा, ०.३० येतात. म्हणजे लिहायला हवं होतं १६.९८३ आणि ७३.३०. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा. तुमचं घर दक्षिणेला जवळपास ४४ किलोमीटर आणि पश्चिमेला बारा-तेरा किलोमीटर सरकलं. तुमचं पत्र वाचून मी हे कागदावर मांडलं, तर नेमकं विजयदुर्गासमोरचं पाणी आलं.

फोटो कुठे जाऊन पडला, यावरून चूक कुठली ते बरंचसं कळतं. कोकणातला फोटो नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसला तर अक्षांश आणि रेखांश एकमेकांच्या रकान्यात गेले. हैतीच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्रात दिसला तर ‘पूर्व’च्या जागी ‘पश्चिम’ लागलं. फाइलमध्ये दिशा आकड्यापासून वेगळी लिहिलेली असते, म्हणून आकडा बरोबर आणि दिशा चूक असं होऊ शकतं. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसला तर दोन्ही रकान्यांत शून्य आहे, म्हणजे स्थान मिळालंच नव्हतं.

ॲटलासमधला आकडा दुरुस्त केलात तरी तो शहराचा, तुमच्या घराचा नव्हे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. मिरकरवाडा बंदरातल्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विचारा. त्यांच्या होडीवरच्या जीपीएसवर आणखी तिसरीच पद्धत असते, अंश आणि मिनिटांचे दशांश : १६ अंश ५९.४० मिनिटं. ते आपल्या पद्धतीत १६.९९ होतं. बंदरावरून कोणी आकडे सांगितले तर कुठल्या पद्धतीचे ते आधी विचारून घ्या. घरासाठी सगळ्यात सोपं म्हणजे फोनवर गूगल मॅप्स उघडून घराच्या छपरावर बोट दाबून धरा. दशांशातले आकडे मिळतील, तेच कॉपी करा. पाचव्या दशांशापर्यंत ठेवलेत की फरक मीटरभराचा राहतो. विहिरीवर आणि पडवीवर वेगवेगळे बिंदू ठेवता येतात, आणि ठेवाच. घर आता दुसऱ्याचं आहे. उद्या तिथे इमारत उभी राहिली, गडगा हलला, विहीर बुजवली, तर विहीर आगराच्या कुठल्या कोपऱ्यात होती हे सांगणारा तेवढा एक बिंदू उरेल.

आता दुसरा घोळ, फोटो परत समुद्रात का गेले तो. फोटोचं स्थान दोन ठिकाणी राहू शकतं. एक, फोटोच्या फाइलच्या पोटात, ज्याला एक्झिफ म्हणतात. दोन, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये. पहिल्यांदा तुम्ही चुकीचे आकडे घातलेत तेव्हा ते फाइलच्या पोटात गेले. मग भाच्याने ‘फाइलमध्ये लिहा’ ही खूण काढली. त्याचा हेतू चांगलाच होता. पण त्यानंतरची तुमची सगळी ओढाओढ फक्त वहीत लिहिली गेली. नव्या कॉम्प्युटरवर तुम्ही फोल्डर आणलंत, वही आली नाही. नव्या डिजिकॅमने फाइल उघडून पाहिली आणि पोटात जे सापडलं ते दाखवलं.

म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर बसा. फोटोंच्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून बाजूला ठेवा. मग डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा (फोटोसोबतची माहिती) उघडा आणि जिओलोकेशन, म्हणजे स्थान, फाइलमध्ये लिहिण्याची खूण परत करा. तीनच फोटो निवडा आणि ‘राइट मेटाडेटा’ची, म्हणजे फाइलमध्ये लिहिण्याची, आज्ञा द्या. तिच्याजवळच ‘रीरीड मेटाडेटा’ अशी आज्ञा दिसेल, तिला चुकूनही हात लावू नका. ती उलट्या दिशेने चालते, फाइलमधलं घेऊन वहीतलं पुसते, आणि तुमचे पंधरा दिवस खरोखर जातील. तीन फोटो लिहून झाले की डिजिकॅम बंद करून विंडोजमध्ये त्यातल्या एका फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डीटेल्स. खाली जीपीएसखाली अक्षांश १६, ५९ आणि पुढे सेकंद असं दिसलं तर दुरुस्ती पोटात गेली. तिथे १६, ३५ दिसलं तर अजून जुनंच आहे, कारण ०.५९ अंशाची मिनिटं ३५ च होतात. तीन जमले की बाकीचे तीनशे.

प्रत काढायला इतकं बजावून सांगतो त्याला कारण आहे. देवगडकडच्या एका कुटुंबाचे जुने अल्बम मी स्कॅन करून दिले होते. स्थान घालताना पूर्ण फोल्डर निवडून त्यांच्या वाडीचा एकच बिंदू लावला. त्यात गिरगावातल्या चाळीचे फोटोही होते, काही मी आधी नीट लावलेलेही होते, तेही गेले. घरातल्या आत्यांच्या लक्षात आलं. आधीची प्रत माझ्याकडे नव्हती. दोन संध्याकाळी फोनवर बसून आत्यांनी एकेक फोटो आठवून सांगितला, हा गच्चीवरचा, हा आमच्या खळ्यातला. त्या होत्या म्हणून निभावलं. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

प्रश्न : काका, मी दापोलीला कॉलेजात आहे. मित्रांबरोबर हर्णैहून होडीने सुवर्णदुर्गाला गेलो. फोनवर ट्रॅक, म्हणजे कुठून कसं गेलो त्याची नोंद, चालू ठेवला होता, तो घरी आल्यावर संध्याकाळी बंद केला. फोटो कॅमेऱ्याने काढले. ट्रॅकवरून फोटोंना स्थान द्यायला गेलो तर किल्ल्यावरचे फोटो दापोलीत आमच्या घरी दिसतात. मित्राने टाइम झोन अधिक पाच करायला सांगितलं. केलं, तर बंदरावर होडीत बसतानाचे फोटो किल्ल्यावर गेले.

उत्तर : मित्राने दिशा बरोबर दाखवली, अर्धा तास राहून गेला. ट्रॅकच्या फाइलमधली (तिला जीपीएक्स म्हणतात) वेळ भारताची नसते, जागतिक प्रमाणवेळ असते. तुमच्या कॅमेऱ्यात मात्र आपली वेळ. कॅमेऱ्याचे साडेदहा हे सॉफ्टवेअरने जागतिक साडेदहा समजले, तर ते आपल्याकडचे दुपारचे चार. चार वाजता आणि त्यानंतर तुम्ही घरी होता, म्हणून किल्लाही घरी आला. अधिक पाच केल्यावर साडेदहाचे अकरा झाले, आणि अकरा वाजता तुमची होडी किल्ल्याला लागली होती. अधिक ५ तास ३० मिनिटं घाला. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून धरली आहे, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३३० मिनिटं. हा अर्धा तास तिथून आला.

फोटोत कुठल्या टाइम झोनची वेळ आहे हे लिहायला एक्झिफमध्ये पूर्वी रकानाच नव्हता, तो २०१६ मध्ये आला. त्याआधीचे कॅमेरे नुसते ‘साडेदहा’ लिहितात, कुठले ते सांगत नाहीत.

साडेपाच तास घालूनही फोटो थोडे मागेपुढे पडतील. कॅमेऱ्याचं घड्याळ महिनोन्महिने कोणी बघत नाही, ते चार-पाच मिनिटं सहज चुकलेलं असतं, आणि चालत्या होडीत चार मिनिटांत फोटो भलतीकडे जातो. पुढच्या वेळी निघताना फोनवर सेकंदासकट घड्याळ उघडा आणि कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो काढा. फोनवर दहा वाजून पाच मिनिटं तीस सेकंद आणि फोटोच्या फाइलमध्ये दहा वाजून दोन मिनिटं दहा सेकंद असं निघालं, तर कॅमेरा तीन मिनिटं वीस सेकंद मागे. तेवढी दुरुस्ती सगळ्या फोटोंना एकदम देता येते. या वेळी तो फोटो नसेल तर होडीत पहिलं पाऊल टाकतानाचा फोटो शोधा आणि ट्रॅक बंदरावरून कधी सुटला त्याच्याशी जुळवा. काम होईल.

प्रश्न : चिपळूणहून रेल्वेने रत्नागिरीला येताना भोके स्टेशनवर काढलेला फोटो फोनने उक्षीला दाखवला. फोन खराब आहे का?

उत्तर : नाही. मध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. आत उपग्रहाचा सिग्नल नाही, बाहेर आल्याआल्या फोटो काढलात तेव्हा फोनपाशी बोगद्याच्या अलीकडची जागाच होती, तीच त्याने लिहिली. बाहेर आल्यावर नकाशा उघडून निळा ठिपका स्थिर होऊ द्या, मग कॅमेरा. आधीचे दोन-चार फोटो हाताने हलवा.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो, गाव मालवणजवळ. गणपतीतले फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. लॅपटॉपवर घेतले की एकालाही स्थान नाही. कुठल्या सॉफ्टवेअरने ते परत मिळेल?

उत्तर : कुठल्याच नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि पोटातली स्थानाची माहिती गळते. ती तुमच्या फाइलमध्ये आता नाहीच. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो, तेव्हा ग्रुपवर पुढच्या वेळी तसं सांगा.

तुम्हाला मात्र एक काळजीही सांगावीशी वाटते. तुमच्यासारख्यांची गावची घरं गणपती आणि मे महिना सोडला तर बंद असतात. आतल्या समया, देव्हारा दाखवणारा फोटो अचूक स्थानासह जगाला द्यायचं कारण नाही. घरच्यांना मूळ फाइल द्या, बाहेर कुठे टाकताना स्थान काढून द्या. आयफोनमध्ये फोटो शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’ दिसतं, तिथे लोकेशन बंद होतं.

आणि यंदाच्या आरतीचे मूळ फोटो ज्या काकूंनी काढले त्यांच्या फोनमध्ये अजून असतील. फोन बदलण्याच्या आत त्यांच्याकडे केबल घेऊन जा.