ऑइल फिल्टर घेताना डबा नको, आतलं बघ

अरे, फिल्टर हातात घेऊन वजनाने जोखू नकोस. जाड पत्रा म्हणजे चांगला फिल्टर, असं काही नसतं. तोंडाकडून आत बघ: कडेच्या बारीक भोकांमागे रबराची चकती दिसेल. गाडी बंद असताना ऑइल परत खाली उतरू नये म्हणून ती असते. ती वाकडी बसली किंवा कडक झाली, की सकाळी स्टार्टला इंजिन क्षणभर कोरडं खडखडतं. सिलिकॉनची चकती उष्णतेत जास्त टिकते. बहुधा केशरी असते, पण नुसत्या रंगावर भुलू नकोस, रंग काय कुणीही देतो.

बायपास व्हॉल्व्हची पारख मात्र दुकानात होत नाही. ऑइल गाळणारा आतला कागद तुंबला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल इंजिनला जातं. किती दाबाला उघडायचं, हे इंजिनागणिक वेगळं. म्हणून ‘आटे बसले, चालतंय की’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नकोस, पार्ट नंबर जुळव.

सर्व्हिस झाली की जुना फिल्टर मागून घे आणि कापून बघ. ग्राइंडरने नको, लोखंडाचा कीस आत पडतो. कागदाच्या घड्या गोळा झाल्या असतील, कडेचा गोंद सुटला असेल, तर पुढच्या वेळी ब्रँड बदल. आणि पक्कं बिल घेच, हुबेहूब नकली खोकी बाजारात आहेत.