बँजो घेऊन अमेरिकेत येण्याआधी

पुण्यातली नोकरी सोडून पुढच्या एप्रिलमध्ये पर्यटक व्हिसावर अमेरिकेत यावे, ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या महोत्सवांमध्ये पाच तारांचा बँजो वाजवत सप्टेंबरपर्यंत फिरावे आणि जमल्यास इथेच स्थिरावावे, हा बेत कितपत व्यवहार्य आहे असे तुम्ही विचारले आहे. हे उत्तर मी कॅन्ससमधल्या विनफिल्ड या गावाहून लिहितो आहे. 1972 पासून इथे भरणारा वॉलनट व्हॅली महोत्सव काल संपला. मैदानातले तंबू उतरत आहेत, आमच्या गाडीत डबल बास हे माणसाएवढे तंतुवाद्य सर्वांत आधी आडवा ठेवून बाकीचे सामान त्याभोवती रचले जात आहे, आणि ऑक्टोबरमधले दोन कार्यक्रम सोडले तर मार्चपर्यंत आमच्याकडे एकही तारीख नाही. तुमच्या बेतात सप्टेंबरनंतरचे काहीच नाही, आणि मला खरी चिंता त्याचीच वाटते.

सर्वांत आधी कागदपत्रांविषयी. पर्यटक व्हिसावर बिदागी घेऊन वाजवता येत नाही. एकट्या कलावंतासाठी ओ-1बी आणि आंतरराष्ट्रीय ख्याती असलेल्या संचासाठी पी-1बी हे व्हिसाचे मार्ग आहेत. पैकी दुसऱ्यात संचातले किमान 75 टक्के कलावंत वर्षभर तरी त्या संचाबरोबर असावे लागतात. दोन्हींसाठी अर्ज तुम्ही स्वतः करत नाही, तो इथला आयोजक किंवा एजंट करतो, आणि त्याला कार्यक्रमांचे करार, तारखा, तुमच्याविषयी छापून आलेला मजकूर असे पुष्कळ काही जोडावे लागते. मी स्वतः एच-1बीवर संगणकाच्या नोकरीसाठी आलो. त्या व्हिसावर दुसरीकडे कमाई करता येत नसल्याने ग्रीन कार्ड मिळेपर्यंतची नऊ वर्षे मी मँडोलिन फक्त मित्रांच्या बैठकीत वाजवली. त्या वर्षांत एका संचाने मला दोनदा बोलावले आणि दोन्ही वेळा मला नाही म्हणावे लागले, याचे दुःख आजही आहे. तरीही नियम पाळण्याखेरीज दुसरा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

पैशांचे गणित असे असते. आमच्या बिदागीचे सहा वाटे होतात, पाच वादकांचे पाच आणि सहावा गाडीचा. इंधन, टायर, मोटेलच्या खोल्या हे सारे सहाव्या वाट्यातून भागवायचे असते आणि लांबच्या प्रवासात तो पुरत नाही. जूनमध्ये एका आठवड्याच्या शेवटी कोलोरॅडोच्या डोंगरात आणि पुढच्याच आठवड्यात केंटकीतल्या ओवेन्सबरोजवळ वाजवायचे, तर मध्ये दोन हजार किलोमीटरहून अधिक रस्ता असतो. गेल्या वर्षी एका महोत्सवाची शनिवारची रात्र वादळामुळे रद्द झाली आणि आयोजकांनी बिदागी दिली नाही. पाऊस आला तरी रक्कम मिळेल, हे वाक्य करारात घालून घेण्याचे आमच्याकडून राहिले होते. मिळकतीवर नेहमीच्या प्राप्तिकराखेरीज स्वयंरोजगाराचा 15.3 टक्के कर असतो. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी कलावंताच्या बिदागीतून तर सर्वसाधारणपणे 30 टक्के आधीच कापले जातात.

वाद्याचे हाल वेगळेच. माझे बालपण मिरजेत, तंतुवाद्यांच्या कारखान्यांशेजारी गेले, त्यामुळे लाकूड हवेबरोबर हलते हे मला ठाऊक होते. तरीही कोलोरॅडोतल्या टेल्युराइडसारख्या साडेआठ हजार फुटांहून उंच, कोरड्या गावातून ओहायो नदीकाठच्या दमट उकाड्यात उतरल्यावर दांडी किती सरकते, हे पहिल्याच हंगामात नव्याने शिकलो. घोडी नीट बसवून स्वर जुळवून घेण्यात दुपार जाते आणि मंचावर मिळतात पंचेचाळीस मिनिटे.

हिवाळ्यात आम्ही पाचही जण दुसरी कामे करतो. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारी सहकारी शिकवण्या घेते, बास वाजवणारे गृहस्थ सुतारकाम करतात, मी करारावर प्रोग्रॅमिंग करतो. आरोग्य विम्याची नोंदणी 1 नोव्हेंबरला सुरू होते आणि मालक नसल्याने प्रत्येकाला आपापला विमा पाहावा लागतो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण या संगीतासाठी मी ते आनंदाने करतो. पण तुमच्या हिशेबात हे सहा महिने आले पाहिजेत.

म्हणून माझे सांगणे असे, की नोकरी सोडू नका आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये रजा घेऊन दहा दिवस इथे या. विनफिल्डला माणसे महोत्सवाच्या आठवडाभर आधीच तंबू ठोकतात आणि मंचाइतकेच, माझ्या मते मंचाहून सरस, वादन रात्री त्या तंबूंमध्ये चालते. आपल्या भजनी मंडळासारखे गोल बसायचे, एकाने स्वर सांगायचा, प्रत्येकाने आपल्या पाळीला वाजवायचे. तिथे कुणी पैसे देत-घेत नाही, त्यामुळे पर्यटकानेही निःशंक बसावे. 1945 च्या अखेरीस बँजोवादक अर्ल स्क्रग्ज हे ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या संचात आले आणि त्यांची तीन बोटांची पद्धत पुढे साऱ्यांनी उचलली. ती तुम्हालाही येत असेल. पण दुसरा गात असताना बँजो किती हळू आणि किती कमी वाजवायचा, हे ध्वनिमुद्रणे ऐकून येत नाही, आणि कोणताही संच तुम्हाला घेताना आधी तेच पाहील.

आलात तर आमच्या तंबूत जागा आहे. बँजोसाठी कडक पेटी, तारांचे दोन जादा संच, डोक्याला बांधायचा दिवा आणि एक जाड स्वेटर आणा. कॅन्ससमध्ये सप्टेंबरातही पहाटे बोटे गारठतात.