बँड दिसला नाही, म्हणून पाणी निर्धोक?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाजवळच्या तलावावर हिरवा तवंग आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाचे (निळ्या-हिरव्या जिवाणूचे) पुंजके दिसतात. मायक्रोसिस्टिन विष बनवणाऱ्या एमसीवाय-ई जनुकासाठी पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी) केली, पण जेलवर बँड (त्या प्रतींचा पट्टा) नाही. पाणी विषारी नाही असे ग्रामपंचायतीला कळवावे का?

उत्तर : कृपा करून अजून कळवू नका. त्याच डीएनएवर सायनोबॅक्टेरियाच्या १६-एस जनुकाची (ते विषारी-बिनविषारी सगळ्यांत असते) पीसीआर लावून पाहा. पुंजके डोळ्यांना दिसत असताना तोही बँड आला नाही, तर तुमची पीसीआरच चाललेली नाही. विषाबद्दल काहीच म्हणता येत नाही.

मायक्रोसिस्टिसची खरी अडचण म्हणजे त्याचे बुळबुळीत आवरण. त्यातले पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) डीएनएबरोबर उतरते आणि पीसीआरमध्ये प्रती काढणाऱ्या टॅक पॉलिमरेज या विकराला अडवते. तलावात पालापाचोळा कुजून येणारे ह्युमिक आम्लही तेच करते. अल्कोहोलने खाली बसवलेला डीएनए जेलीसारखा किंवा तपकिरी दिसला, पिपेटच्या टोकाला तार सुटली, तर तो तसाच वापरू नका.

नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. एरवी १०० मिली घेतात, पण दाट तवंगात २०-२५ मिलीतच फिल्टर चोंदतो. तिथेच थांबा आणि किती मिली गेले ते लिहून ठेवा, नाहीतर पुढे प्रती लिटर हिशेब लागणार नाही. पेशी फोडायला तीनदा गोठवणे-वितळवणे, लायसोझाइम (पेशीभित्ती तोडणारे विकर), मग एसडीएस (डिटर्जंट) आणि प्रोटिनेज-के (प्रथिने तोडणारे विकर) वापरा. त्यानंतर मीठ (सोडियम क्लोराइड) ०.७ मोलरपर्यंत नेऊन १ टक्का सीटॅब (हेही एक डिटर्जंट), ६५ अंश सेल्सिअसला १० मिनिटे; क्लोरोफॉर्म घातल्यावर मधल्या पांढऱ्या थरात पॉलिसॅकराइड अडकते. मीठ आधी, सीटॅब नंतर. हा क्रम चुकला किंवा मीठ ०.५ मोलरखाली राहिले, तर सीटॅब डीएनएलाही खाली बसवते आणि हाती काहीच उरत नाही.

मग डीएनए १० पट आणि १०० पट विरळ करून पुन्हा पीसीआर लावा. क्यूपीसीआर (प्रती वाढत असतानाच मोजणारी पीसीआर) असेल, तर १० पट विरळ केल्यावर सीटी (प्रती दिसू लागायला लागलेल्या चक्रांचा आकडा) साधारण ३.३ने वाढायला हवा. तो जेमतेम वाढला किंवा उलट कमी झाला, तर अडथळा आहेच. जेलवर काम करत असाल, तर विष बनवणाऱ्या पीसीसी ७८०६ या वाणाचा डीएनए तुमच्या नमुन्यात मिसळा. एकट्याने बँड देणारा डीएनए तिथे गप्प बसला, की कारण सापडले.

सगळे कंट्रोल (वरच्या पडताळण्या) बरोबर आणि तरीही एमसीवाय-ई नाही? मग त्या दिवशीच्या नमुन्यात मायक्रोसिस्टिन बनवणारे वाण आढळले नाहीत, एवढेच लिहा. सायनोबॅक्टेरियाची इतर विषेही असतात; सॅक्सिटॉक्सिनसाठी एसएक्सटी-ए, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिनसाठी सीवायआर-ए अशी जनुके वेगळी तपासावी लागतात. तवंगातले वाणही बदलत राहतात. तवंग असेतो दर पंधरवड्याला नमुना घ्या.

प्रश्न : जनुक सापडले, पण एलायझात (अँटिबॉडीच्या साह्याने विष मोजणाऱ्या चाचणीत) विष नाही. कोणते खरे?

उत्तर : दोन्ही. जनुक क्षमता दाखवते, एलायझा प्रत्यक्ष विष मोजते. उलटही घडते: तवंग मारायला मोरचूद टाकले, की पेशी फुटून विष पाण्यात उतरते आणि फिल्टरवर जनुक मिळत नाही. पिण्याच्या पाण्याचा निर्णय विष मोजूनच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मायक्रोसिस्टिन-एलआरची (मायक्रोसिस्टिनच्या एका प्रकाराची) दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे.

प्रश्न : पाणी उकळून प्यायले तर?

उत्तर : नाही. मायक्रोसिस्टिन उकळण्याने नष्ट होत नाही, पाणी आटून ते उलट तीव्र होते. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातल्या तवंगामुळे अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या नळाला मायक्रोसिस्टिन आले, तेव्हा ४ लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असेच सांगितले होते.